गोफण: रंगमंचासाठी अवकाशातलं जहाजभेदी क्षेपणास्त्र बांधताना

८ जून

संहिता हातात आली. एक मालवाहू यान, तीन माणसं, आणि मालखान्यात खनिजाच्या पेट्यांआड लपवून आणलेलं एक जहाजभेदी क्षेपणास्त्र. नाव ‘गोफण’. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत ते रंगमंचाच्या मधोमध आडवं. पात्रं त्यावर बसतात, त्यावर डबा उघडून जेवतात, आणि शेवटी ते सोडायचं की नाही यावरून एकमेकांच्या जिवावर उठतात. प्रॉपर्टीच्या यादीत टाकून मोकळं होता येईल अशी ही वस्तू नाही, चाळीस मिनिटं सतत दिसणारं चौथं पात्र आहे.

अटी अशा. बजेट ६,००० रुपये. नेपथ्य लावायला दहा मिनिटं. तालमीची खोली दुसऱ्या मजल्यावर आणि जिना अरुंद, त्यामुळे सुटे भाग हवेत. बाकी सेटसकट सगळं एका छोट्या हत्तीत मावलं पाहिजे. दोन माणसांचं वजन पेललं पाहिजे.

दिग्दर्शकाने सोबत चित्र काढून दिलंय. टोकदार लाल नाक, मागे चार पंख, शेपटीला ज्वाळा. हे समुद्रावरचं क्षेपणास्त्र आहे. आपलं जिथे चालणार तिथे हवाच नाही. पंख हवेला रेटा देऊन वळवतात आणि टोकदार नाक हवा कापतं. दोन्ही बाद करावे लागतील असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, “मग लोकांना ते क्षेपणास्त्र आहे हे कळणार कसं?” प्रश्न बरोबर आहे. उत्तर आज माझ्याकडे नाही.

११ जून

खालच्या मजल्यावरचे काका नौदलातून निवृत्त झालेत, क्षेपणास्त्रांच्या देखभालीवर होते. संध्याकाळी गाठलं. विचारलं, “काका, तुमच्या क्षेपणास्त्राला पंख कशाला हो?”

“अगं, ते विमानच होतं. फक्त वैमानिक नव्हता.”

ते बोलत होते पी-१५ बद्दल, ज्याला आपल्याकडे सगळे स्टिक्स म्हणतात. रशियन बनावटीचं, जवळजवळ सहा मीटर लांब, वजन अडीच टन. २१ ऑक्टोबर १९६७ ला इजिप्तच्या छोट्या बोटींनी याच क्षेपणास्त्रांनी इस्रायलची ‘एलात’ ही विनाशिका बुडवली आणि जगभरच्या नौदलांची झोप उडाली. आपल्या निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र-बोटींनी ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर डागली ती हीच. नौदल दिन त्या तारखेला असतो तो म्हणूनच.

माझ्या कामाच्या दोन गोष्टी मिळाल्या. पहिली म्हणजे इंधन. त्या क्षेपणास्त्रात एका टाकीत इंधन आणि दुसरीत नायट्रिक आम्लाचं मिश्रण असे. दोन्ही भिडले की आपोआप पेट घेतात, ठिणगी लागत नाही. असं इंधन भरून ठेवता येतं आणि इंजिन हवं तेव्हा सुरू होतं, पण गळती झाली तर माणूस वाचत नाही. मालखान्यात महिनोन्‌महिने लपवून ठेवलेल्या क्षेपणास्त्राला असंच काहीतरी लागणार. द्रव हायड्रोजन जास्त जोर देतो खरा, पण तो उणे २५३ अंशांवर उकळतो. इतके महिने साठवणार कसा?

दुसरी गोष्ट, समुद्रावरच्या क्षेपणास्त्राचा अर्धा डाव लपण्याचा असतो. एक्झोसेट नावाचं क्षेपणास्त्र पाण्यापासून काही मीटरांवरून उडतं, पृथ्वीच्या गोलाव्याआड राहून शेवटच्या क्षणी दिसतं. ४ मे १९८२ ला ब्रिटिशांच्या ‘शेफील्ड’ या युद्धनौकेला तसंच गाठलं होतं. अवकाशात क्षितिज नाही. इंजिन पेटलं की ते सगळ्यांना दिसतं. आपल्या नाटकातली भीती अचानक येणाऱ्या गोष्टीची नको, दिसत असून टळत नाही अशा गोष्टीची हवी. हे लेखकाला कळवलं. त्याने दुसरा प्रवेश पुन्हा लिहायला घेतलाय.

१५ जून

आकार ठरवायचा म्हणून गणित करायला बसले. संहितेत ‘सेकंदाला सहा किलोमीटर’ असं वाक्य आहे.

मोजपट्टी म्हणून मंगळयान घेतलं. उड्डाणाच्या वेळचं वजन १,३३७ किलो आणि त्यातलं इंधन ८५२ किलो, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश नुसतं इंधन. त्याचं मुख्य इंजिनही आपोआप पेटणाऱ्या इंधनावरचं. डिसेंबर २०१३ मध्ये पृथ्वीचा निरोप घेतल्यावर ते इंजिन जवळजवळ ३०० दिवस गप्प होतं. २२ सप्टेंबर २०१४ ला सुमारे चार सेकंद चालवून पाहिलं, आणि २४ तारखेला मंगळाभोवती शिरताना ते व्यवस्थित चाललं. गोफणीला हवं ते हेच.

अशा इंजिनातून वायू सेकंदाला साधारण तीन किलोमीटरने बाहेर पडतो. क्षेपणास्त्रालाही तीनचाच वेग द्यायचा तर भरलेलं वजन रिकाम्याच्या २.७ पट लागतं. सहाचा द्यायचा तर ७.४ पट. वेग दुप्पट केला की टाकी दुपटीवर थांबत नाही, आवाक्याबाहेर जाते.

आता टाकीचं माप. भंगारवाल्याकडे औषधकंपन्यांचे पुठ्ठ्याचे ड्रम पाहून ठेवलेत. व्यास ४५ सेंटिमीटर, उंची ६०. तीन जोडले की १ मीटर ८०. खऱ्या जगात एवढ्या जागेत फार तर सव्वातीनशे किलो इंधन बसेल. तीन किलोमीटरच्या हिशेबाने बाकी सगळ्याला, म्हणजे इंजिन, टाक्या, डोकं यांना मिळून १९० किलो मिळतात. सहाच्या हिशेबाने मिळतात जेमतेम ५०. एवढ्यात ते बनवूनच दाखवा.

लेखकाला फोन केला, सहाचे तीन कर. कुरकुरला. मग त्याला दुसरा आकडा सांगितला. सेकंदाला तीन किलोमीटरने जाणाऱ्या एक किलो धोंड्यात ४५ लाख जूल ऊर्जा असते आणि एक किलो टीएनटी या स्फोटकात सुमारे ४२ लाख. म्हणजे या वेगाला स्फोटक भरायची गरजच उरत नाही. मार्च २०१९ मध्ये आपण जो उपग्रह पाडला, साधारण ३०० किलोमीटर उंचीवर, तोही नुसत्या धडकेने. गोफण हे नाव त्याने ठेवलं होतं नुसतं छान वाटलं म्हणून. आता ते लागू पडतंय. तीन ड्रम म्हणजे दोरी आणि पुढचं डोकं म्हणजे दगड.

त्याने तीन केले.

२१ जून

ड्रम आणले. ३०० रुपयांना एक, धुऊन वाळवून. आत कसली पावडर होती ते विचारून घ्या. वास येणारा ड्रम घेऊ नका. तो वास रंगाखालूनही येतो.

पुठ्ठ्याचा ड्रम उभा असताना माणूस वर उभा राहिला तरी पेलतो. आडवा केला आणि मधोमध बसलं की पिचतो. म्हणून प्रत्येक ड्रमच्या दोन्ही तोंडांशी १२ मिलीमीटर प्लायच्या गोल चकत्या आतून बसवायच्या. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये तुकडे स्वस्तात मिळाले, ६५० रुपयांत सगळं.

चकत्या एकमेकींना ८ मिलीमीटरच्या बोल्टने आवळायच्या असं ठरवलं. पहिला आणि दुसरा ड्रम छान जुळले. तिसरा लावताना लक्षात आलं की बोल्ट आतून आवळायचाय आणि आत हात जायला वाट नाही, दोन्ही बाजू बंद. सुतार शांतपणे म्हणाला, “ताई, आता आत माणूस ठेवा.”

२८ जून

उपाय बोहरी आळीत सापडला. लोखंडी पेट्यांना लावतात त्या ओढून बसवायच्या खिट्ट्या. प्रत्येक सांध्याला चार. तीन ड्रमांचे दोन सांधे आणि पुढच्या डोक्याचा एक, मिळून बारा, ४० रुपयांना एक. बाहेरून लागतात, पाना लागत नाही, अंधारात हाताला सापडतात. वर त्या दिसतातही खऱ्या, मुद्दाम बसवलेल्या यंत्रभागासारख्या. आधी खिट्ट्या मला तडजोड वाटत होत्या, आता तेच या वस्तूचं सगळ्यात देखणं अंग आहे.

खिट्टी थेट पुठ्ठ्यावर रिव्हेट करू नका, ओढ बसली की पुठ्ठा फाटतो. रिव्हेट आतल्या प्लायच्या कडेत गेला पाहिजे. त्यासाठी चकती तोंडापासून तीन सेंटिमीटर आत न बसवता अगदी तोंडाशी आणावी लागली. म्हणजे सगळ्या चकत्या उपटून परत बसवणं. त्यात एक शनिवार गेला.

५ जुलै

टाकीचे घुमट. दाबाखालच्या टाकीची टोकं कधी सपाट नसतात, गोलसर असतात. शेवटच्या ड्रमच्या मागे एक घुमट आणि त्यातून बाहेर आलेलं नॉझल, म्हणजे वायू बाहेर पडायचं तोंड, एवढं दिसलं की पाहणाऱ्याला आत टाकी आहे हे न सांगता कळतं.

थर्मोकोलचा विचार आधी केला होता. २०१८ च्या बंदीनंतर सजावटीचं थर्मोकोल पूर्वीसारखं मिळत नाही. पॅकिंगमधलं मिळालं, ते जोडून कोरलं. त्यावर स्प्रेचा हात मारला आणि डोळ्यांदेखत ते विरघळत गेलं. स्प्रेमधलं द्रावक थर्मोकोल खातं, पायताणांचं रबरी गोंदही खातं. पांढरा फेव्हिकॉल आणि पाण्यातले रंग चालतात. हे मला ऐकून माहीत होतं, पण हाताखालच्या मुलांना सांगायचं राहिलं. ४२० रुपये पाण्यात.

मग घमेलं घेतलं. बांधकामावरचं लोखंडी घमेलं पालथं घातलं, वर प्लास्टिक, त्यावर गव्हाच्या खळीत बुडवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या, सात-आठ थर. आकार हवा तस्सा आला.

१२ जुलै

घुमटाला बुरशी. पुण्यात जुलैत खळ वाळत नाही, हे घरी पापड करणाऱ्या कोणीही सांगितलं असतं. आतून हिरवट, वास आंबूस. टाकून दिला.

रविवार पेठेतल्या एका जुन्या बुकबाइंडरने सांगितलं की खळीत मोरचूद घाला, आम्ही पुठ्ठे चिकटवताना तेच करतो. चिमूटभर मोरचूद गरम पाण्यात विरघळवून खळीत टाकायचा. तो विषारी आहे, हातमोजे घाला, आणि खळीचं भांडं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. या वेळी एकावेळी दोनच थर दिले, प्रत्येक थर टेबल फॅनखाली पूर्ण वाळू दिला. वेळ लागला, पण घुमट टणक झाला, बोटाने वाजवला तर खणखणतो.

मुख्य नॉझलसाठी जुन्या बाजारात एक फायबरची लॅम्पशेड मिळाली. निर्वातात चालणाऱ्या इंजिनाचं नॉझल रुंद आणि लांब असतं, जमिनीवरून उडणाऱ्या रॉकेटपेक्षा बरंच मोठं, कारण बाहेर हवेचा दाब नसतो आणि वायूला पसरू द्यायला जागा लागते. लॅम्पशेड सुरुवातीला मला प्रमाणाबाहेर मोठी वाटली होती. तीच बरोबर आहे.

१९ जुलै

पुढचं डोकं. ३५ सेंटिमीटर लांब, तोंड सपाट. मध्यभागी स्कूटरच्या हेडलाइटची काच, म्हणजे दुर्बीण. चारही बाजूंना स्वयंपाकाच्या तेलाची प्लास्टिकची नरसाळी, बाहेर तोंड करून. शेवटच्या काही सेकंदांत दगड बाजूला सरकवणारी इंजिनं ती हीच. ती डोक्याच्या गुरुत्वमध्याच्या रेषेत लावायची, नाहीतर सरकण्याऐवजी ते गरगरेल. प्रेक्षकातल्या कुणालाही हे कळणार नाही. पण नरसाळी मागे-पुढे सरकवून पाहिली, तर चुकीच्या जागी ती नुसती चिकटवलेली दिसतात.

हेडलाइटच्या झडपा शेवटच्या प्रवेशात उघडायच्या आहेत, ‘डोळा’ जागा होतो. त्यासाठी सर्व्हो मोटर आणली, ५६० रुपये. शांत खोलीत तिचा किरकिराट शेवटच्या रांगेपर्यंत जाईल एवढा. त्या क्षणी रंगमंचावर पूर्ण शांतता हवी आहे. मोटर काढली, नायलॉनची बारीक दोरी विंगेत नेली. एक मुलगा हाताने ओढतो. तो ओढतो तेव्हा झडप किंचित अडखळून उघडते, आणि त्या अडखळण्यानेच ती जिवंत वाटते. मोटरने एकसारखी उघडली असती.

दिव्यांचं: तपकीर गल्लीतून १२ व्होल्टची एलईडी पट्टी आणली आणि पॉवर बँकेला जोडली. साधी पॉवर बँक ५ व्होल्टच देते, पट्टी पेटलीच नाही. ५ व्होल्टची पट्टी वेगळी मिळते, ती मागून घ्या. पहिली पडून आहे, ३५० रुपयांची.

२ ऑगस्ट

उष्णतारोधक आवरण. यानांवर जो सोनेरी चुरगळलेला कागद दिसतो तो सोनं नसतो. पिवळसर पारदर्शक प्लास्टिकच्या पापुद्र्याला मागून ॲल्युमिनियमचा मुलामा असतो, आणि असे बरेच पापुद्रे एकावर एक. उन्हातली बाजू तापू नये आणि सावलीतल्या टाकीतलं इंधन गोठू नये म्हणून.

सोनेरी फॉइल गुंडाळलं. दोन अडचणी. प्रकाशयोजना करणाऱ्याने पार लाइट टाकला आणि झळाळी थेट पहिल्या तीन रांगांच्या डोळ्यांत. आणि कोणी बसलं की चुरचुर असा आवाज, जो जमिनीवरच्या माइकने इमानेइतबारे उचलला. संवाद ऐकूच येईनात.

काढून टाकायच्या बेतात होते. मग फॉइल आधी हाताने भरपूर चुरगळलं, पुन्हा सपाट केलं आणि ओल्या मांजरपाटावर फेव्हिकॉलने चिकटवलं. कापडामुळे आवाज मेला. वरून पाणी घातलेल्या तपकिरी रंगाचा हात दिला आणि लगेच पुसला, सुरकुत्यांत रंग राहिला, झळाळी उतरली. फॉइल फक्त मधल्या ड्रमला. बाकी मळकट पांढरं. काळा रंग दिग्दर्शकाला हवा होता, पण काळ्या पडद्यापुढे काळी वस्तू ठेवली की ती नाहीशीच होते.

८ ऑगस्ट

पाळणा, म्हणजे ज्यावर हे सगळं आडवं राहतं ती चौकट. एक इंची चौकोनी पाइप, फॅब्रिकेटरकडून, २,४०० रुपये. एकूण खर्चातली सगळ्यात मोठी रक्कम, आणि इथे हात आखडू नका. पात्रं बसतात ती खरं तर ड्रमवर नाही. ड्रमच्या पाठीवर बाहेरच्या नळीसारखी दिसणारी एक लाकडी पट्टी आहे, ती चकत्यांवर टेकते आणि चकत्या पाळण्यावर. बसायच्या दोन जागा ठरवून त्यावर खूण केली. तिसरीकडे बसायचं नाही, हे नटांना लिहून दिलंय. तरी बसतात.

फॅब्रिकेटरने पाळण्याची रुंदी बाहेरून मोजली, मी आतून सांगितली होती. एक आठवडा त्याच्याकडे परत. नळकांडी वस्तूचा पाळणा करायचा असेल तर कागदावरचं माप देऊ नका, ड्रमच उचलून घेऊन जा.

१४ ऑगस्ट

पहिली संपूर्ण तालीम, सगळं जोडून, रंगवून. ओळखीतली काही माणसं बघायला बोलावली होती. नाटक संपल्यावर एका आजींनी विचारलं, “सगळं छान झालं हो, पण मध्ये तो बंब कशाला ठेवलाय?”

सगळे हसले, दिग्दर्शक सोडून. त्याने माझ्याकडे बघितलं. ८ जूनचा त्याचा प्रश्न जिथल्या तिथे होता.

पंख लावायचे का? रात्री त्यावर बराच वाद झाला. पुठ्ठ्याचे दोन पंख कापून चिकटवूनही पाहिले. लगेच ओळखू आलं, आणि लगेच दिवाळीतलं रॉकेट झालं. काढले.

१६ ऑगस्ट

काकांना तालमीला आणलं. ते गप्प बसून सगळं पाहत होते. मी विचारलं, “काका, काय कमी आहे?”

“वस्तूत काही कमी नाही. तुमची पोरं तिला घाबरतच नाहीत.”

मग त्यांनी दाखवलं. भरलेल्या क्षेपणास्त्राच्या तोंडासमोरून कोणी आरपार चालत नाही, वळसा घालून जातो, मग ते बंद असलं तरी. हात लावायचा तर आधी दुसऱ्याला सांगून लावायचा. हत्यार टेकवायचं ते ठरलेल्या जागीच. सुरक्षेच्या खिळींना लाल फिती असतात. त्या मोजून काढायच्या, मोजून ठेवायच्या आणि मोठ्याने आकडा बोलायचा.

लाल फिती सहा, शिंप्याकडच्या चिंध्यांमधून. प्रत्येकीवर एक आकडा. दिग्दर्शकाने पात्रांच्या हालचाली बदलल्या. आता पहिल्या प्रवेशात नवखं पात्र बेफिकीरपणे डोक्यासमोरून जातं आणि दुसरी दोन एकदम गोठतात. एक शब्द नाही. पुढच्या वेळी तो स्वतःहून वळसा घालतो. जेवणाचा डबा त्याच पाठीवर उघडतात, पण उघडण्याआधी एकजण फिती मोजतो.

त्या एका बदलाने झालं. परवाच्या आजी पुन्हा आल्या होत्या. बंबाचं नाव काढलं नाही, उलट विचारलं, “ते शेवटी सुटतं का?”

हे आधी सुचलं असतं तर रंग आणि फॉइलवर एवढा जीव टाकला नसता. वस्तू धोक्याची आहे हे आकाराने सांगायला गेलात की चित्रातला लाल टोकाचा बाण होतो. ते काम आजूबाजूच्या माणसांकडे द्यावं.

१९ ऑगस्ट

अक्षरं. ड्रमवर ‘सावधान’, ‘आम्लवाहक’, ‘खिळ काढल्याशिवाय जोडू नये’ अशा सूचना छापायच्या होत्या. देवनागरी स्टेन्सिल कापणं हा वेगळाच उद्योग आहे. शिरोरेखा अखंड कापली तर खालची अक्षरं लोंबकळतात आणि ब, व, ध यांची पोटं गळून पडतात. प्रत्येक अक्षरापाशी शिरोरेखा थोडी तोडायची आणि पोटाला दोन बाजूंनी पूल ठेवायचे. एक्स-रेची जुनी फिल्म सर्वांत चांगली, पुठ्ठा रंग शोषून फुगतो. रंग ब्रशने नाही, स्पंजने टिपून, जवळजवळ कोरडा.

गंमत म्हणून आम्लाच्या टाकीच्या झाकणाखाली कोणाला दिसणार नाही अशा जागी लिंबू-मिरची रंगवली. कोणत्याही यानावर कोणीतरी हे करणारच. दिग्दर्शकाला सापडली तेव्हा त्याने ती जागा प्रेक्षकांकडे फिरवायला लावली.

२३ ऑगस्ट

शेवटच्या प्रवेशातले आकडे पक्के केले, कारण पात्र ते मोठ्याने म्हणतं आणि सभागृहात एखादा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक असतोच.

लक्ष्य एक लाख किलोमीटर दूर. गोफणीकडे वेग बदलायला एकूण ३,००० मीटर प्रतिसेकंद. त्यातले २,५०० सुरुवातीला वापरायचे, ५०० राखून ठेवायचे. पोचायला ४०,००० सेकंद, म्हणजे अकरा तासांच्या थोडं वर. समोरचं जहाज जड आहे, पृथ्वीवरच्या गुरुत्वाच्या हजारव्या भागाएवढंच त्वरण त्याला जमतं. पण ते अकरा तास सतत लावलं तर मूळ वाटेपासून ८,००० किलोमीटर सरकतं आणि त्याचा वेग सेकंदाला ४०० मीटरने बदलतो. गोफणीला तेवढंच वळावं लागेल. उरतात १००. हे शंभर मीटर पुरतील का, यावर तिघांचं भांडण उभं आहे. आधीच्या मसुद्यात ‘अचूक नेम’ असं एक वाक्य होतं. ते गेलं आणि तिथे आता आठ मिनिटांचा प्रवेश आहे.

खर्च: ड्रम ९००, प्लाय ६५०, पाळणा २,४००, खिट्ट्या ४८०, रंग १,१५०, कापड-फॉइल ५२०, दिवे-वायर ७४०, किरकोळ ६००. झाले ७,४४०. शिवाय वाया गेलेली मोटर, पट्टी आणि थर्मोकोल १,३३०. वरचे पैसे वर्गणीतून.

३० ऑगस्ट

प्रयोग झाला. दहा मिनिटांपैकी सहा मिनिटांत सेट लागला. चौथ्या मिनिटाला एक खिट्टी अडली, कारण पाळण्याखाली रंगमंचाची फळी उंच-सखल होती आणि ड्रम किंचित वाकडे बसले. पुठ्ठ्याची घडी पायाखाली सारली. आता पाळण्याच्या चारही पायांना फिरवून उंची बदलणारे बूच लावायचे आहेत.

डोक्याचं एक नरसाळं ब्लॅकआउटमध्ये कोणाच्या तरी पायाखाली आलं. सुटं मिळतं, २५ रुपये. ज्यांना हे करून बघायचंय त्यांनी नरसाळी चिकटवू नका, चाकीच्या स्क्रूने बसवा.

ठेवण्याबद्दल: ड्रम माळ्यावर उभे ठेवा. आडवे ठेवले तर महिन्याभरात अंडाकृती होतात आणि मग सांधे जुळत नाहीत. खिट्ट्या उघड्या ठेवायच्या, ओढलेल्या ठेवल्या तर रिव्हेट सैल होतात. लाल फिती वेगळ्या पाकिटात, मोजून. आमच्याकडे सध्या पाच आहेत, तीन नंबरची सापडत नाही.